ठाण्याची पायी फेरी: स्थळं, माणसं आणि खेळ. यादी तपासून हवी आहे

पाचपाखाडीकर (धागाकर्ता)

आठवी-नववीच्या ३० मुलांसाठी जुन्या ठाण्याची पायी फेरी आखायची आहे. जानेवारीतला एखादा रविवार, सकाळी ७.३० ते ११.३०. बस नाही. मुलांच्या हातात एका पानाचा मजकूर द्यायचा आहे. कच्ची यादी अशी:

स्थळं: रेल्वे स्टेशन, मासुंदा तलाव, कोपिनेश्वर, गडकरी रंगायतन, ठाण्याचा किल्ला (आताचं जेल), दादोजी कोंडदेव स्टेडियम, घोडबंदर किल्ला, येऊर, खाडीतले फ्लेमिंगो.
माणसं: डॉ. आनंदीबाई जोशी, राम गणेश गडकरी, डॉ. काशिनाथ घाणेकर, पी. सावळाराम, अजिंक्य रहाणे.
खेळ: दहीहंडी, वर्षा मॅरेथॉन, कबड्डी, क्रिकेट.

चार तासांत काय बसेल, काय काढावं, कुठे काय सांगावं? चालू राजकारण नको, शाळेचा कार्यक्रम आहे.

---

कोपरी_पूल

घोडबंदर, येऊर आणि फ्लेमिंगो आधी काढा. घोडबंदरचा किल्ला ठाणे महापालिकेत नाही, मीरा-भाईंदरमध्ये आहे. रस्त्याला ‘घोडबंदर रोड’ म्हणतात म्हणून सगळे तो ठाण्याच्या नावावर टाकतात. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तिथे वनखात्याचे नियम लागतात. हे दोन्ही स्वतंत्र दिवसांचे विषय आहेत.

स्टेशनवर मुलांना जे सांगाल ते नेमकं सांगा. १६ एप्रिल १८५३, दुपारी ३.३५, बोरीबंदरहून सुटली, २१ तोफांची सलामी, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, ३४ किलोमीटर. ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. इथवर वाद नाही. प्रवासाला किती वेळ लागला याचे मात्र दोन आकडे छापलेले सापडतात, ५७ मिनिटं आणि सव्वा तास. हस्तपत्रिकेत एकच ठोकून दिला तर कुठल्यातरी मुलाचे आजोबा दुसरा काढून दाखवणार. ‘तासाभराच्या आसपास’ लिहा.

‘हेच ते १८५३ चं स्टेशन’ हे वाक्य टाळा. तेव्हाचं असं काही तिथे बोट दाखवण्यासारखं उरलेलं नाही. टिकून राहिलाय तो मार्ग. गाडी ठाण्याला थांबली कारण पुढे खाडी होती. खाडीवरचा पूल झाला आणि १८५४ च्या मे महिन्यात गाडी कल्याणला पोचली. ‘ठाणे हे पहिलं शेवटचं स्टेशन का?’ हा प्रश्न मुलांना विचारा, उत्तर खाडीत आहे. पुलावर फलाटाच्या टोकाकडून नजर जाते, पण ३० मुलं फलाटाच्या टोकाला नेऊ नका. पादचारी पुलावरून दाखवा, तेही गर्दी नसलेल्या बाजूने.

---

मुंब्रा_फास्ट

स्टेशनचा विषय निघालाच आहे तर पारसिक बोगदा जोडा. १९१६ मध्ये सुरू झाला, लांबी सुमारे १.३ किलोमीटर. त्याआधी कल्याणकडे जाणारी गाडी डोंगराला वळसा घालून मुंब्र्याच्या बाजूने खाडीकडेने जायची. बोगद्याने तो वळसा वाचवला.

मात्र ‘येताना फास्ट पकडा म्हणजे मुलांना बोगदा दिसेल’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाल्यापासून फास्ट लोकल बोगद्यातून जात नाहीत. बोगदा आता लांब पल्ल्याच्या गाड्यांना. जुन्या प्रवासवर्णनांत आणि शाळेच्या जुन्या माहितीपत्रकांत अजून तेच लिहिलेलं असतं.

---

जांभळीनाका

वार आधी ठरवा, मग मार्ग. या फेरीत तीन वार आडवे येतात.

सोमवार: कोपिनेश्वरला रांग. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र तर विसराच.
शनिवार: टेंभी नाक्याचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. शब्बाथ (त्यांचा विश्रांतीचा वार) असल्यामुळे पाहुण्यांसाठी योग्य दिवस नाही.
रविवार: तलावपाळीच्या, म्हणजे मासुंदा तलावाकाठच्या, चर्चमध्ये सकाळी मिस्सा चालू असते. मुलं रांगेत आत घुसली तर प्रार्थनेला बसलेल्यांना त्रास.

म्हणजे तुमचा रविवार चालेल, पण चर्चचा क्रम मागे ढकला किंवा बाहेरूनच बघा. शाळेला जमत असेल तर मंगळवार ते शुक्रवार उत्तम. तेव्हा अडचण एकच, जांभळी नाक्याच्या बाजारातले हातगाडीवाले आणि माल उतरवणारे टेम्पो. साडेआठच्या आत कोपिनेश्वर उरका, नंतर ३० मुलांची रांग बाजारातून नेणं म्हणजे डोकी मोजत बसणं. पंधरा-पंधराच्या दोन तुकड्या करा. एक कोपिनेश्वरमध्ये, दुसरी तलावावर, मग अदलाबदल.

स्टेशन पश्चिमेपासून तलावपाळी पाऊण किलोमीटरच्या आसपास. मुलांच्या चालीने पंधरा मिनिटं धरा.

कोपिनेश्वरबद्दल तीन गोष्टी पुरेत. एक, शिलाहार राजघराण्याच्या काळाशी नातं सांगितलं जातं, पण समोर दिसतं ते देऊळ त्या काळातलं नाही. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० च्या सुमारास ते नव्याने बांधलं आणि १८७९ मध्ये लोकवर्गणीतून काम झालं. दोन, पिंडी. चार फुटांहून उंच आहे, एवढी मोठी पिंडी मुलांनी सहसा पाहिलेली नसते, म्हणून आत नेणं योग्य. गाभारा लहान, एका वेळी सात-आठ मुलं. तीन, गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेशी या देवळाचं नातं.

---

शिलाहार१०१७

वर ‘नातं सांगितलं जातं’ आलंय, त्याला जोडून. शिलाहारांचा ठोस पुरावा ठाण्यात कुठे सापडला, तर देवळात नाही, किल्ल्यात. १७८७ मध्ये किल्ल्याच्या आवारात पाया खणताना ताम्रपट निघाले, राजा अरिकेसरी, शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७. ‘श्रीस्थानक’ हे ठाण्याचं जुनं नाव त्या काळातल्या लेखांतून येतं. म्हणजे शिलाहार सांगायचे ते जेलच्या भिंतीजवळ. तिथे मुलं आधीच गंभीर झालेली असतात, ऐकतातही नीट.

---

बाहेरून_बघणारा

जेलबद्दल व्यवहाराचं आधी. आत जाता येणार नाही हे मुलांना शाळेतच सांगा, नाहीतर तिथे पोचल्यावर विरस होतो. फोटो काढू नका, मोबाइल खिशात. फाटकासमोर घोळका करू नका. भेटीसाठी आलेले कैद्यांचे नातेवाईक तिथे रांगेत उभे असतात, त्यांच्याकडे बोट दाखवून हसलेलं चालत नाही. भिंत रस्त्यावरून दिसते ती पुरे. दहा मिनिटं, एवढंच.

सांगायचा क्रम:

१७३०: पोर्तुगीजांनी बांधायला घेतला. पुरा व्हायच्या आत,
१७३७: मराठ्यांनी घेतला. वसईच्या मोहिमेची सुरुवात इथून, वसई पडली १७३९ मध्ये.
१७७४ चा डिसेंबर: इंग्रजांनी घेतला. पुढे तुरुंग केला.
१८१६: पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथून निसटले.
२ मे १८४८: राघोजी भांगरे यांना इथे फाशी.
१९ एप्रिल १९१०: नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे यांना इथे फाशी.
१९११: अंदमानला नेण्यापूर्वी सावरकर इथे होते.

हे सगळं सांगायला गेलात तर मुलं कंटाळतील. त्रिंबकजी आणि १९१०, बस. त्यातही त्रिंबकजी. बाहेर घोड्यांची देखभाल करणारा एक मोतद्दार काम करता करता मराठीत गाणं म्हणायचा. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं. सुटकेचा बेत गाण्यातून आत पोचत होता. बिशप हेबर १८२५ मध्ये ठाण्याला आला तेव्हा त्याने ही हकिगत आणि गाण्याचा आशय आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवला. आणि त्याच हेबरने त्याच भेटीत जवळच्या सेंट जेम्स चर्चची प्रतिष्ठापना केली. म्हणजे जेल आणि सेंट जेम्स एका गोष्टीत बसतात, दोन वेगळे थांबे करायची गरज नाही.

---

पाचपाखाडीकर

हे उत्तम झालं. तलावपाळीचं चर्च आणि सेंट जेम्स वेगळी ना? आणि टेंभी नाक्यावर मुलांना नेण्यासारखं काय काय आहे?

---

चेंदणी_कोळीवाडा

वेगळी. तलावपाळीचं ते सेंट जॉन द बाप्टिस्ट, कॅथलिक, मूळ पोर्तुगीज अमलातलं. सेंट जेम्स इंग्रजांचं, अँग्लिकन, जेलच्या बाजूला.

तलावपाळीच्या चर्चसमोर उभं राहून ‘पोर्तुगीज आले आणि ख्रिस्ती धर्म आला’ असं सांगू नका. वसई परिसर पोर्तुगीजांकडे गेला १५३४ मध्ये. त्याच्या दोनशे वर्षं आधी, १३२१ मध्ये, चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस याने हे कळवलं आणि काही वर्षांनी ओडोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेला. म्हणजे त्या काळी समुद्रमार्गे फिरणाऱ्याला ठाणे माहीत होतं. मार्को पोलोच्या लिखाणातही ‘ताना’ आहे. मुलांना एवढं कळलं की ठाणे हे मुंबईचं उपनगर व्हायच्या कित्येक शतकं आधी बंदर होतं, तरी फेरी वसूल.

टेंभी नाका: इथे काही मिनिटांच्या अंतरात सिनेगॉग, पारशी अग्यारी आणि आनंद दिघे यांचा आनंदाश्रम आहेत. सिनेगॉगचं नाव शाआर हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचं दार, १८७९ चं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचं. हे लोक कोकणात तेलाच्या घाण्यांवर काम करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेले. घरची भाषा मराठी. ही ओळ हस्तपत्रिकेत नक्की घाला.

आत जायचं असेल तर आधी लेखी विनंती, शाळेच्या लेटरहेडवर, सोबतच्या शिक्षकांची ओळखपत्रं. ऐनवेळी दार वाजवून काही होत नाही, सुरक्षेमुळे. मुलग्यांना डोक्यावर टोपी किंवा रुमाल लागतो. तीस रुमाल घरून आणायला सांगितले तर बारा येतात, म्हणून शाळेनेच पिशवीत न्यावेत. अग्यारीत पारश्यांशिवाय कोणाला प्रवेश नाही, बाहेरूनच दाखवा आणि कारण सांगून मोकळे व्हा.

---

नौपाडा_नाट्यवेडा

आता माणसांची यादी. पाचपैकी चार नावं काढावी लागतील.

आनंदीबाई कल्याणच्या, जन्म ३१ मार्च १८६५. जिल्हा ठाणे, शहर नव्हे. रहाणे जन्माने संगमनेर तालुक्यातला, वाढला डोंबिवलीत. डोंबिवलीकर हे नाव तुम्हाला देणार नाहीत, मागूही नका. गडकरी जन्मले नवसारीला, २६ मे १८८५, गेले सावनेरला, २३ जानेवारी १९१९. घाणेकर चिपळूणचे. या दोघांची नाट्यगृहं ठाण्यात आहेत, माणसं नाहीत. दादोजी कोंडदेवांचंही तेच. आपल्याकडे पाटी वाचून माणूस गावचा ठरवतात, आणि खरोखर गावात काम केलेल्याचं नाव विचारलं की सगळे गप्प.

उरले सावळाराम, आणि ते शंभर टक्के ठाण्याचे. मूळ नाव निवृत्ती रावजी पाटील, जन्म सांगलीकडचा, पण आयुष्य ठाण्यात काढलं आणि नगराध्यक्षही झाले. ‘जनकवी’ आणि नगराध्यक्ष, असा माणूस दुसऱ्या शहराने दाखवावा. लग्नात मुलीची पाठवणी होताना स्पीकरवर जे गाणं हमखास लागतं ते त्यांचं, एवढं सांगितलं की मुलांच्या आया ओळखतात.

---

ग्रंथपाल_नव्हे

सहमत. आणि ज्याच्याविषयी सगळे गप्प असतात ते नाव मी देतो: विनायक लक्ष्मण भावे. १ जून १८९३ ला ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झालं, ते भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन यांच्या पुढाकाराने. त्या वेळी भावे २१-२२ वर्षांचे. पेशाने मिठाचे व्यापारी. दिवसा मीठ, उरलेल्या वेळात जुन्या हस्तलिखित पोथ्या गोळा करणं. त्यातून ‘महाराष्ट्र सारस्वत’, मराठी वाङ्मयाचा इतिहास. आज मराठी एम. ए. ला बसणाऱ्या प्रत्येकाला हा ग्रंथ माहीत असतो, पण लेखक ठाण्याच्या मिठागरांवर पोट भरत होता हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

खाडी, मिठागरं, पोथ्या आणि वाचनालय एका माणसात एकत्र येतात, म्हणून फेरीत हा थांबा घ्याच. स्टेशन रोडच्या परिसरातच आहे, वाट वाकडी होत नाही. रविवारची वेळ आधी फोनवर विचारा. आणि ३० मुलं वाचनकक्षात नेऊ नका, ज्येष्ठ मंडळी सकाळचे पेपर वाचत असतात. बाहेर उभं राहून पाच मिनिटांत सांगा.

---

संपादक_मंडळ

धागा छान चाललाय. आनंदाश्रमाचा उल्लेख आलाच आहे, तर स्थळ म्हणून माहिती द्यायला हरकत नाही. आनंद दिघे यांचं निधन २६ ऑगस्ट २००१. टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव आणि दहीहंडी त्यांनी वाढवली. त्यापुढची पक्षीय चर्चा दुसऱ्या धाग्यावर.

---

वॉर्ड_नंबर

नागरी इतिहासाच्या दोन ओळी हव्याच: नगरपालिका १८६३, महापालिका १ ऑक्टोबर १९८२, पहिले महापौर सतीश प्रधान. आणि खासदार म्हणून रामभाऊ म्हाळगी, १९७७ आणि १९८०. त्यांच्या नावाची व्याख्यानमाला ठाण्यात दर जानेवारीत असते, तुमची तारीख जुळली तर संध्याकाळी शिक्षकांना जाता येईल.

‘तलावांचं शहर’ लिहाल तेव्हा आकडा जपून. महापालिका हद्दीत पस्तीसच्या आसपास तलाव आहेत. काही दगडी काठांनी बांधून घेतलेले आहेत आणि काहींचा काठ नुसता कागदावर आहे.

---

पाचपाखाडीकर

माणसं: भावे, सावळाराम, म्हाळगी, सतीश प्रधान. खेळाडू कोण घ्यावा? आणि जानेवारीत दहीहंडी, मॅरेथॉन दोन्ही नाहीत, मग टेंभी नाक्यावर काय दाखवू?

---

टेबल_नंबर_३

खेळाडूचं नाव: मधुरिका पाटकर. टेबल टेनिस, ठाण्याची. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत महिला संघाचं सुवर्ण, २०२० चा अर्जुन पुरस्कार. मुलींना हे नाव कळू दे. क्रिकेटवाल्यांच्या यादीत तशीही जागा शिल्लक नसते.

---

चार_एक्के

टेंभी नाक्यावर दहीहंडी नाही दाखवता येणार, पण नाक्यावर उभं करून उंची दाखवता येते. तेच जास्त परिणामकारक.

हिशेब असा. १० ऑगस्ट २०१२ ला ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले, मोजलेली उंची १३.३४ मीटर, म्हणजे सुमारे ४३.८ फूट. गिनीज नोंद त्याचीच. नऊने भागा, दर थराला साधारण दीड मीटर येतं, म्हणजे खांद्याची उंची. आता मुलांना एखाद्या चार मजली इमारतीच्या गच्चीकडे बघायला सांगा आणि म्हणा, तिथे तुमच्या वयाचं पोर उभं आहे असं समजा. २०२५ मध्ये दहा थर लागले, तेही ठाण्यातच.

आणि हो, पथक जोगेश्वरीचं, हंडी ठाण्याची. वरच्या वादात भर म्हणून.

थर कसे लागतात ते मुलांना सांगायचं असेल तर:

खाली गोल. एकमेकांच्या खांद्यांवर हात गुंफलेले, माना खाली, छात्या आत. त्यांच्या भोवती बाहेरून रेटा देणाऱ्यांची दाटी. पहिल्या थरातले सगळ्यात वजनदार नसले तरी चालतं, पण उंचीने सारखे हवेत. एकाचा खांदा दोन बोटं खाली असला की वरच्याचा पाय तिरका पडतो आणि तो तिरकेपणा प्रत्येक थरागणिक वाढतो.

चढणाऱ्याने पाय ठेवायचा तो पोटरी, कंबर, खांदा या क्रमाने. खांद्यावर पाय मानेजवळ हवा, टोकाला नाही. टोकाला ठेवला तर खालचा कलतो आणि गळपट्टीच्या हाडावर भार येतो. बोटांनी नाही, पूर्ण तळव्याने उभं राहायचं. अनवाणी.

वरचे थर बसलेल्या अवस्थेत रचून मग उठवतात. उठण्याच्या क्षणी सगळ्यात जास्त हेलकावा. सगळ्यात वरच्या थरांत एकेकच माणूस असतो, त्यांना ‘एक्के’ म्हणतात. चार एक्के लावणं म्हणजे वरचे चार थर एकाखाली एक, एकेका माणसाचे. तिथे आधाराला बाजूला कोणी नसतं, म्हणून ते अवघड.

पडतात कधी? लोकांना वाटतं चढताना. उतरतानाही तितकेच पडतात. हंडी फुटली किंवा सलामी झाली की खालच्यांचं लक्ष सुटतं, हात सैल पडतात आणि वर अजून तीन थर उभे असतात. उतरण्याचा क्रम वरून खाली, एकामागून एक, उडी नाही. चांगल्या पथकाचा प्रशिक्षक चढताना शांत असतो आणि उतरताना ओरडत असतो. दुसरं कारण पाणी. वरून टँकरने पाणी मारतात, खांदे निसरडे होतात. सरावात कोरड्या अंगाने लागलेला आठवा थर प्रत्यक्ष दिवशी लागत नाही, त्याचं निम्मं कारण हेच.

---

कायद्याचं_बोला

मुलांच्या वयाचा प्रश्न आहे म्हणून हे स्पष्ट लिहा: १४ वर्षांखालच्यांना थरात घ्यायला बंदी आहे. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने १८ वर्षं आणि २० फूट अशी मर्यादा घातली होती. वीस फूट म्हणजे वरच्याच हिशेबाने जेमतेम चार थर. पुढे प्रकरण वर-खाली झालं आणि २०१७ मध्ये उंचीची मर्यादा गेली, वयाची १४ राहिली. २०२२ मध्ये सरकारने साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. आठवी-नववीची मुलं बरोबर या सीमेवर असतात. ‘तुमच्या वयाचं पोर’ हे उदाहरण देताना शिक्षकांनी हे वाक्यही लगेच म्हणावं. हेल्मेट आणि वरच्याच्या कमरेला सुरक्षा दोर नसेल तिथे थांबूसुद्धा नये.

---

चार_एक्के

बरोबर. दोराबद्दल एक बारकावा: तो आधीपासून किंचित ताणलेला हवा. ढिला सोडलेला दोर पडणाऱ्याला मध्येच हिसका देतो आणि खालच्यांच्या डोक्यावर आपटतो. वरचा चढतो तसा दोर ओढणाऱ्याने हाताने आत घेत राहायचं, गाठ मारून मोकळं व्हायचं नाही.

---

खड्डे_चुकवणारा

मॅरेथॉन: महापालिकेची वर्षा मॅरेथॉन, मुख्य अंतर २१ किलोमीटर, सुरुवात महापालिका मुख्यालयाच्या चौकातून. २०१९ नंतर खंड पडला होता, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा झाली. पावसात धावण्याची अडचण पाय घसरणं ही दुय्यम, मुख्य म्हणजे ओले मोजे. दहाव्या किलोमीटरपासून टाच आणि करंगळी सोलवटते. सुती मोजे टाळायचे, बोटांना आणि मांड्यांना व्हॅसलीन आधीच लावायचं, आणि पांढऱ्या पट्ट्यांवरून व गटारांच्या लोखंडी झाकणांवरून पाय टाकायचा नाही. साचलेल्या पाण्यात पाय घालू नये, कारण खालचा खड्डा दिसत नाही. शाळेच्या मुलांसाठी कमी अंतराचे गट असतात, ते आधी.

---

साइटस्क्रीन

दादोजी कोंडदेव स्टेडियम जेलपासून पायी अंतरावर आहे, शेवटचा थांबा तोच ठेवा. रणजी सामने इथे झालेत आणि २०२२ च्या आयपीएलमध्ये संघांच्या सरावाच्या मैदानांत ठाण्याचं मैदान होतं. सामना किंवा सराव चालू असेल तर आत सोडत नाहीत, म्हणून महापालिकेच्या क्रीडा विभागाकडे आठवडाभर आधी पत्र. प्रेक्षागारात बसायला मिळालं तर तिथेच डबा. नाहीतर मुलं जेलच्या भिंतीशी डबे उघडतात, ते बरं दिसत नाही.

आत मिळालं तर कबड्डीचं मैदान चुन्याने आखून घ्या: पुरुषांचं १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. एक चढाई ३० सेकंदांची. गवतावर झेप घेतली तर गुडघे वाचतात. कडक मातीवर मुलांना पकडी करू देऊ नका, नुसती स्पर्श-चढाई खेळवा.

---

भरती_ओहोटी

फ्लेमिंगो काढलेत ते योग्यच, पण ‘का काढले’ तेही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी वेगळी सहल आखता येईल. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). बोट ऐरोलीच्या केंद्रातून सुटते. अडचण पाण्याची. बोटीला भरती लागते, पक्ष्यांना चिखल लागतो. पूर्ण ओहोटीला बोट निघत नाही. पूर्ण भरतीला चिखल बुडालेला असतो आणि पक्षी दुसरीकडे बसलेले. मधला काही तासांचा अवकाश साधावा लागतो, आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. त्यामुळे ‘गेल्या रविवारी आठला दिसले’ याचा या रविवारी काही उपयोग नाही. भरतीचं कोष्टक बघून बोट आरक्षित करायची, शाळेचं वेळापत्रक बघून नाही. जानेवारी ते एप्रिल चांगला काळ.

---

जांभळीनाका

मग क्रम असा लावा: ७.३० स्टेशन, ८ ला ग्रंथ संग्रहालय बाहेरून, ८.१५ कोपिनेश्वर आणि तलाव आळीपाळीने, ९ ला रंगायतनसमोर पाणी आणि शौचालय (पुढे तासभर सोय नाही, इथे कोणालाही ‘नंतर जातो’ म्हणू देऊ नका), ९.२० तलावपाळीचं चर्च मिस्सा संपली असेल तर आतून, ९.४५ टेंभी नाका, १०.३० सेंट जेम्स आणि जेल, ११ स्टेडियम.

टेंभी नाक्याचा रस्ता दोनदा ओलांडावा लागतो. पुढे एक शिक्षक, मागे एक, आणि एक जण रस्त्याच्या मध्ये हात आडवा करून उभा. तीन मोठी माणसं नसतील तर सिनेगॉग आणि अग्यारी ज्या बाजूला पडतात ते बघून एकाच फुटपाथवरून जमेल तेवढंच करा.

---

तर्री_वेगळी

मामलेदार मिसळ कोणीच घेतली नाही यादीत? तहसीलदार कचेरीच्या शेजारी, ‘मामलेदार’ हे नाव त्यामुळेच.

---

जांभळीनाका

शिक्षकांनी फेरी संपल्यावर जावं. नववीतली पोरं पैज लावून तिखट मागवतात आणि मग परतीच्या लोकलमध्ये कोणाला कुठे उतरवायचं हा प्रश्न.

---

पाचपाखाडीकर

क्रम घेतला. सिनेगॉग आणि स्टेडियम, दोन्हींची पत्रं उद्या टाकतो. रुमाल शाळेचे. ताम्रपटाचा मजकूर आठवीच्या मुलांना समजेल अशा चार ओळींत कोणी देऊ शकेल का?

---

शिलाहार१०१७

मजकूर नको, दानपत्रांची रचना सांगा, ती मुलांना पटकन कळते: आधी देवाला वंदन, मग राजाची वंशावळ, मग कोणती जमीन किंवा गाव कोणाला दिलं, चतुःसीमा, आणि शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. सातबाऱ्यात मालकाचं नाव असतं, शाप नसतो, एवढाच फरक. मुलांना आपापल्या वर्गाचं एक दानपत्र लिहायला सांगा, चतुःसीमेसकट. पूर्वेस फळा, पश्चिमेस खिडकी.